‘वाटणे’ आणि ‘वागवणे’ : मनःस्वास्थ्याच्या एका प्रश्नावलीची भाषा

नैराश्याचे मापन करण्यासाठी ज्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात, त्यांत २००१ साली प्रसिद्ध झालेली ‘पीएचक्यू-९’ ही विशेष सुटसुटीत आहे. प्रश्न नऊ, कालमर्यादा मागील दोन आठवड्यांची, प्रत्येक उत्तरास ० ते ३ गुण आणि बेरीज अधिकात अधिक २७. दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक मानतात. अमेरिकेतील दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांवर पारखलेले हे साधन पुण्यातील कचरावेचक स्त्रीपुढे मराठीतून मांडले असता काय होते, हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच भाषेचाही आहे.

प्रथम देहाविषयीचे प्रश्न घ्यावेत. झोप, थकवा आणि भूक या तिहींवर मिळून ९ गुण होऊ शकतात. दुसऱ्या कोणी माल वेचून नेण्याआधी कचराकुंडी गाठावी म्हणून जी पहाटेपूर्वी उठते आणि भरलेले पोते पाठीवर घेऊन मैलोगणती चालते, तिचा थकवा हा रोग की रोजगार, हे गुणांवरून कळत नाही. तथापि एवढ्यावरून हे प्रश्न गाळावेत असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. जिवाला घोर लागतो, डोके उठते, काळजात धस्स होते, हे मराठी वाक्प्रचारच सांगतात की आपल्या भाषेत मनाचे दुःख बहुशः देहाच्या आश्रयाने बोलते. थकव्याची तक्रार श्रमाची म्हणून बाजूला सारणारा परीक्षक कदाचित खऱ्या नैराश्यालाच बाजूला सारील.

अधिक कठीण अडचण सहाव्या प्रश्नाची. स्वतःविषयी हीन भावना आहे काय, असा त्याचा रोख. त्याचे शब्दशः मराठी केले, तर ‘स्वतःबद्दल वाईट वाटते का?’ असे होईल. परंतु मराठीत ‘वाईट वाटणे’ म्हणजे खेद होणे, कीव येणे. प्रश्न स्वतःला कमी लेखण्याचा, आणि उत्तर मिळणार ते स्वतःची दया येण्याविषयी! ‘कमीपणा वाटतो का?’ असे विचारले, तर अर्थाच्या बरेच जवळ जाता येते.

पण शब्द बदलल्याने मूळ उणीव भरून निघत नाही. मराठीत अनुभव घेणारी व्यक्ती ‘ला’ प्रत्ययाने येते : तिला भीती वाटते, तिला लाज वाटते. कमीपणा तिला ‘वाटतो’, तो तिला कोणी आणला हे वाक्य सांगत नाही. कचरावेचकांच्या वाट्याला येणाऱ्या त्रासाची क्रियापदे मात्र सकर्मक आहेत : हिणवणे, हुसकावणे, चोर ठरवणे, भावात फसवणे. त्या प्रत्येकास कर्ता आहे. तो कधी बंगल्याचा रखवालदार असतो, कधी पोलीस, कधी भंगारवाला. या व्यवसायातील बहुसंख्य स्त्रिया दलित जातींतील असल्याने हा कर्ता पुष्कळदा एक व्यक्ती नसून समाज असतो. प्रश्नावली ‘वाटण्या’चे मोजमाप घेते, ‘वागवण्या’विषयी ती मौन पाळते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे पुण्यातच दिसून आले आहे. १९९३ मध्ये येथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. या नावात कचरा नाही. ज्याला बाजारात मोल आहे तो माल आहे, आणि तो वेचणारी ‘कष्टकरी’ आहे. पुढे काही वर्षांतच महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे सभासदांना मिळाली. ‘तू कोण?’ या दरडावणीला दाखविण्यास हातात काही आले. असे पत्र हा औषधोपचार नव्हे; पण संशयाच्या कर्त्याला ते उत्तर देते, आणि ते काम कोणतीही गोळी करू शकत नाही.

उलट, ओळखपत्राने नैराश्य बरे होते असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. तो कोणत्याही कारणाने वगळता येणार नाही, आणि त्याचे उत्तर ‘होय’ असेल तर त्या स्त्रीला वैद्यकीय साहाय्य तत्काळ मिळाले पाहिजे. कामाची कष्टमयता पुढे करून गरिबाचे मानसिक दुखणे नाकारणे, हाही तिला हीन वागवण्याचाच एक प्रकार आहे.

म्हणून भाषांतरकाराचे काम नऊ वाक्ये मराठीत आणण्याने संपत नाही. ‘कितीदा वाटले?’ यापाठोपाठ ‘कोण कसे वागले?’ हे विचारले जावे. त्याला गुण देता येणार नाहीत, हे खरे. परंतु त्यावाचून मिळालेली बेरीज कितीही अचूक असली, तरी तिचा अर्थ लावता येणार नाही.