मौनाचा पुरावा

रेहाना घडियाली यांचा 'ऑल फॉर इज्जत' हा इंग्रजी निबंध १९९१ सालीं 'मानुषी' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. दाऊदी बोहरा समाजांत सुमारें सात वर्षांच्या मुलीच्या गुह्येंद्रियाची त्वचा छेदण्याची 'खतना' नांवाची चाल आहे. त्याच समाजांतील या विदुषीनें सुमारें पन्नास स्त्रियांशीं बोलून तिचें परीक्षण केलें. निबंधाचें शीर्षक आम्हांस फार समर्पक वाटतें. इजा मुलीस व्हावी आणि इज्जत घराची रहावी, हा व्यवहार त्या एका शब्दांत उघडा पडतो.

पन्नास मुलाखतींवरून चालीचा प्रसार किती हें ठरत नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. 'सहियो' या संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ३८५ स्त्रियांपैकीं ८० टक्के स्त्रियांची खतना झालेली आढळली. पण त्या आपण होऊन उत्तर देणाऱ्या, म्हणून तो आंकडा सर्व समाजास लावणें युक्त नव्हे. आक्षेप रास्तच आहे. परंतु त्याच वर्षीं महिला व बालविकास मंत्रालयानें सर्वोच्च न्यायालयास कळविलें कीं, या चालीची अधिकृत माहितीच उपलब्ध नाहीं. जी गोष्ट कोठें बोलूं नको म्हणून मुलीस बजावलें जातें, तिची नोंद सरकारी दप्तरांत व्हावी कशी? तोंवर असे निबंध हाच पुरावा होय.

आपल्या देशांत या कृत्याविरुद्ध स्वतंत्र कायदा नाहीं. प्रचलित फौजदारी कायद्यानेंच तें गुन्हा ठरतें, अशी भूमिका महान्यायवादींनीं २०१८ सालीं मांडली. समर्थक त्यास धर्मस्वातंत्र्य म्हणतात. लहानसा छेद म्हणजे अवयवभंग नव्हे, असेंही सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानें मात्र २०१९ सालीं, बोहरा कुटुंबाच्याच खटल्यांत, तसा छेदही त्या शब्दांत येतो असा निर्णय दिला. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं हा प्रश्न पांच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. २०१९ सालीं तो शबरीमलेच्या प्रश्नाशीं जोडला जाऊन त्याहून मोठ्या पीठाकडे गेला.

नागपूरच्या इतवारींतील बोहरा दुकानदारांशीं ज्यांचा पिढ्यांचा व्यवहार आहे, त्या आमच्या वाचकांनीं हा निबंध परक्यांची कथा म्हणून वाचूं नये. १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारा झालें, तेव्हां धर्मांत हात घालूं नका अशी ओरड महाराष्ट्रांतील सुशिक्षित हिंदूंनींच केली होती. आगरकरांचा 'सुधारक' मुलींच्या बाजूनें उभा राहिला होता. आज तें काम बोहरा स्त्रिया स्वतः करीत आहेत. त्यांच्या लेखनास वाचक मिळवून देणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.