‘खडक लागला’ : एका वाक्प्रयोगाची मर्यादा

मराठी स्थापत्यव्यवहारात ‘खडक लागला’ हे वाक्य शोधाची समाप्ती सुचविते. त्यामागे दख्खनच्या पठाराचा अनुभव आहे. वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या परिसरात विहीर अथवा पुलाचा पाया खणताना आधी काळी माती, मग मुरूम, शेवटी काळा दगड, असा क्रम सामान्यतः आढळतो. काळी पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती टाळावयाची; दगड लागला की पाया ठरला. खोदकामाच्या दरपत्रकातील ‘मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक’ ही वर्गवारी ह्याच अनुभवातून आलेली दिसते.

परंतु ही वर्गवारी वस्तुतः खोदण्याच्या श्रमाची आहे, भारवहनाची नव्हे. पठारावर हे दोन अर्थ बहुधा एकत्र नांदतात, म्हणून त्यांतील भेद जाणवत नाही. प्रवाळभूमीवर मात्र तो उघडा पडतो. प्रवाळखडक म्हणजे सजीवांच्या चुनखडी सांगाड्यांचा संचय. वर घट्ट सांधलेला थर, खाली सुटी वाळू, मध्येच पोकळी व पुन्हा कठीण थर, अशी रचना तेथे संभवते. तेथे ‘खडक लागला’ ही शोधाची समाप्ती नसून आरंभ होय.

अशा वाळूचे कण दाबाखाली चुरडतात आणि पाइलच्या अंगाशी होणारे घर्षण फार घटते. 1982 साली ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस नॉर्थ रँकिन ह्या समुद्रातील वायुमंचाच्या उभारणीत, प्रवाळाची नसली तरी त्याच जातीच्या चुनखडी गाळात, पोलादी पाइल स्वभारानेच सुमारे 60 मीटर खाली गेले. मालदीवमध्ये माले व हुलहुले ह्यांस जोडणारा, 2018 साली खुला झालेला सिनामाले पूल प्रवाळभूमीवरच उभा आहे. अशा ठिकाणी एका खांबाखालील छिद्रावरून शेजारच्या खांबाविषयी अनुमान करता येत नाही. प्रत्येक खांबापाशी पुरेशा खोलीपर्यंत छिद्र घेऊन हाती आलेल्या गाभ्याचे प्रमाण, त्याची दाबसहता व पोकळ्यांची जागा नोंदवावी लागते.

संदर्भावरून अर्थ कळतोच, असा आक्षेप संभवतो. पण छिद्राची नोंद करणारा एक व पाया आखणारा दुसरा असतो. दुसऱ्याच्या हाती केवळ शब्द येतो. म्हणून नोंदीत ‘खडक’ ह्या शब्दासोबत द्रव्य, सांधणी व सलगता ही तीन विशेषणे अनिवार्य असावीत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा अथवा झिजलेला सच्छिद्र दगड दख्खनमध्येही आढळतो. तेव्हा ही शिस्त केवळ दूरच्या बेटांसाठी नाही. आसेगावच्या ओढ्यावरील पुलासही ती तितकीच आवश्यक आहे.