भिडेवाडा: वास्तू गेली, स्मारक आले?

पुण्यात बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने स्मारकासाठी तो वाडा पाडला. तिथल्या दुकानदार-भाडेकरूंचा विरोध सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

वाडा मोडकळीला आला होता आणि स्मारक व्हायलाच हवे, हे मला मान्य आहे. पण वाद रंगला तो जागेच्या ताब्याचा. जुन्या विटा-लाकडाचे मोल त्यात मागेच पडले, ही माझी खंत. भव्य स्मारक फुले दांपत्य किती थोर होते ते सांगेल. तात्यासाहेब भिड्यांनी दिलेला तो साधा वाडा मात्र सांगत होता, की एवढे मोठे काम किती थोड्या साधनांवर, आणि तेही सनातनी पुण्याच्या ऐन मध्यात उभे राहिले. संगमरवराला ते सांगता येत नाही.

परदेशात आपण मुलांना थोरामोठ्यांची जपलेली साधी घरे कौतुकाने दाखवतो. म्हणून वाटते, नव्या वास्तूत बाकी काहीही असो, एक खोली तरी जुन्या वाड्यासारखी साधी असावी. सुट्टीत पुण्याला गेल्यावर मुलांना आधी तीच दाखवता येईल.