वेदेहिकेचा स्वभाव कोणी मोजावा?

माणसाचा स्वभाव एकाच ठशाचा असतो की प्रसंगागणिक पालटतो, हा प्रश्न पाश्चात्त्य मानसशास्त्रात वॉल्टर मिशेल यांच्या १९६८ सालच्या ग्रंथाने ऐरणीवर आणला. एका प्रसंगातील वर्तन आणि दुसऱ्या प्रसंगातील वर्तन यांचा सहसंबंध ०.३० च्या आसपासच घुटमळतो, असे त्यांनी दाखवून दिले. प्रश्नावलीत स्वतःस प्रामाणिक म्हणविणारा सर्वत्र प्रामाणिक असेलच, याची हमी त्यामुळे उरली नाही. या वादातून पुढे जे संशोधन निघाले त्याचा येथे परामर्श घेण्याचे कारण असे की, ते वाचताच 'विज्ञानाने अनात्मवाद सिद्ध केला' असे म्हणून टाकण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. तो आम्हांलाही झाला होता.

विल्यम फ्लीसन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेले संशोधन घ्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दिवसातून अनेक वेळा, सुमारे दोन आठवडे, गेल्या तासाभरात आपण किती बोलके होतो, किती सौम्य होतो, किती नेटाने काम केले, याची नोंद करावयाची. निष्कर्ष असा की, एकच माणूस दोन आठवड्यांत अबोलपणापासून वाचाळपणापर्यंत जवळजवळ सर्व पायऱ्या चढतो आणि उतरतो. येथवर वाचून थांबणारा टाळ्या वाजवील. परंतु त्याच निबंधाची दुसरी बाजू अशी की, प्रत्येकाच्या नोंदींची सरासरी एका आठवड्याहून दुसऱ्या आठवड्यात फारशी हलत नाही. म्हणजे चंचलता खरी आणि घडणही खरी. तथागतांचा अनात्मवाद सरासरीच्या आकड्यावर उभा नाही. तेव्हा त्याला या आकड्यांचा आधारही नको आणि त्यांचे भयही नको.

आमचा आक्षेप निराळा आहे. या पद्धतीत साक्षीदार एकच, आणि तो स्वतः आरोपी! मी सौम्य होतो की नाही, हे मलाच विचारले जाते.

मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात श्रावस्तीच्या वेदेहिका नामक गृहिणीची कथा येते. ती सौम्य, विनम्र व शांत आहे अशी तिची कीर्ती होती. तिची दासी काली दक्ष आणि कामात नीटनेटकी. कालीच्या मनात विचार आला की, मालकिणीच्या अंतरी क्रोध नाहीच, की माझे काम चोख असल्यामुळे तो प्रकट होत नाही? कालीने परीक्षा पाहिली. ती उशिरा उठली; मालकिणीच्या भुवया चढल्या. दुसऱ्या खेपेस आणखी उशीर केला. कठोर शब्द आले. तिसऱ्या खेपेस मालकिणीने दाराची खीळ तिच्या डोक्यात घातली. रक्ताळलेल्या डोक्याने कालीने शेजाऱ्यांना हाक मारली, तेव्हा कुठे नगरीला वेदेहिका समजली. वेदेहिकेच्या हाती फ्लीसन यांची नोंदवही दिली असती तर दोन आठवडे तिने 'सौम्य' याच शब्दापुढे खूण केली असती, आणि कदाचित प्रामाणिकपणे.

या दृष्टीने युइची शोडा, मिशेल व राइट यांचे १९९४ सालचे संशोधन आम्हांस अधिक मोलाचे वाटते. अमेरिकेतील एका उन्हाळी शिबिरात ८४ मुलांचे, प्रत्येकी सरासरी १६७ तास, निरीक्षण झाले आणि ते इतरांनी केले. शिवाय प्रसंग वेगवेगळे मांडले: सोबत्याने चिडविले, सोबती जवळ आला, मोठ्याने स्तुती केली, मोठ्याने ताकीद दिली, मोठ्याने शिक्षा केली. कोणी सोबत्याने डिवचले की उसळतो, कोणी मोठ्यांच्या शिक्षेने. आणि ज्याचा त्याचा हा नमुना पुनःपुन्हा तसाच आढळला. समोरचा बरोबरीचा आहे की वरचा, हे येथे मोजमापातच आले. मात्र समोरचा खालचा मानलेला असेल तर काय, हा रकाना मुलांच्या शिबिरात नसणारच.

भारतात तो रकाना सोडून चालत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बडोद्याची हकीगत लिहिली आहे. पारशी सराईतून बाहेर काढले गेल्यावर ते एका हिंदू स्नेह्याकडे गेले. स्नेही सज्जन होता, ऐकून व्यथितही झाला. परंतु तुम्ही माझ्या घरी आलात तर नोकर निघून जातील, एवढे त्याने बोलून दाखविले. बाबासाहेबांनी काय ते ओळखले. त्या गृहस्थाच्या दिवसभराच्या सौजन्याची सरासरी काढली तर ती उत्तमच भरेल. ती एक वेळ मात्र सरासरीत बुडून जाईल, आणि बाबासाहेबांच्या दृष्टीने तीच वेळ निर्णायक होती.

राजा पसेनदीला तथागतांनी दिलेले उत्तर येथे आठवते. जटिल, निगंठ इत्यादींना दुरून पाहून राजा त्यांना अर्हत म्हणू लागला. वस्तुतः ते त्याचेच हेर होते. तेव्हा भगवंतांनी सांगितले की शील सहवासाने, शुचिता व्यवहाराने, धैर्य आपत्तीत आणि प्रज्ञा चर्चेत ओळखावी, तीही दीर्घ काळाने. चार गुण, चार निरनिराळे प्रसंग. आणि चारही ठिकाणी पाहणारा दुसरा कोणीतरी.

आपल्याकडे असा अभ्यास कोणी हाती घेतला तर नोंद दोन्ही बाजूंची हवी: साहेबाची तशीच शिपायाची, घरमालकाची तशीच आडनाव ऐकून परत फिरविलेल्या भाडेकरूची. व्यासपीठावर मैत्रीभावनेवर बोलणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याविषयी त्याच्या पत्नीची नोंदही त्यात यावी. हा आग्रह आम्ही इतरांसाठी धरतो तर स्वतःसाठीही धरला पाहिजे. अडचण उघड आहे. कालीने परीक्षा घेतली आणि तिचे डोके फुटले. नोंद करणाऱ्या शिपायाची नोकरी, भाडेकरूचा निवारा आणि त्या पत्नीची पाठ कोण सांभाळणार, हे आधी ठरल्यावाचून कोणत्याही संशोधकाने त्यांच्या हाती वही देऊ नये.