देखावा, डाव आणि निकाल : कुस्तीप्रेमींच्या एका वादाची मीमांसा

अहिल्यानगर येथील वाडिया पार्कच्या मैदानावर २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा जो शेवट झाला, त्यामुळे कुस्तीप्रेमींतील एक जुना वाद पुन्हा उफाळून आला. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. वाद विकोपास जाऊन त्यांनी पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड हे पंचांच्या निर्णयाने असंतुष्ट होऊन, अवघे काही सेकंद उरले असता गादी सोडून गेले आणि मोहोळ विजयी ठरले. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली.

या घटनेनंतर जी चर्चा झाली तिच्यात दोन पक्ष स्पष्ट दिसतात. एका पक्षाच्या मते कुस्तीचा ‘तमाशा’ झाला आहे. दिव्यांचा झगमगाट, मोटारगाडीचे बक्षीस आणि व्यासपीठावरील गर्दी यांत खेळ हरवला आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते देखाव्यावाचून कुस्ती जगणार नाही. लोक येतात ते पाहण्यासाठीच, आणि पाहण्याजोगे काही नसेल तर मल्लास दूधतुपाचा खर्चही सुटणार नाही. शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यावर नागापूर आहे. गाव आणि औद्योगिक वसाहत तेथे एकमेकांस लागून आहेत. अशा वस्तीत यात्रेतल्या मातीवर नजर तयार झालेला प्रेक्षक आणि पडद्यावरील गुणफलकावरून कुस्ती समजून घेणारा प्रेक्षक शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे हा वाद दोन प्रदेशांचा किंवा दोन पिढ्यांचा आहे असे म्हणून तो निकालात काढता येत नाही. देखावा विरुद्ध खरा खेळ, ही जी मांडणी दोन्ही पक्ष गृहीत धरतात, तीच मुळात बरोबर आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना कुस्तीप्रेमींची स्वतःची भाषा हा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरतो.

प्रथम देखाव्याचे शब्द पाहावेत. कुस्त्या जेथे होतात त्या जागेस व त्या समारंभास मराठीत ‘फड’ म्हणतात. तमाशाच्या मंडळीसही ‘फड’च म्हणतात. नगर व पुणे जिल्ह्यांतील गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांच्या मेळाव्यास ‘हगामा’ म्हणण्याचा प्रघात आहे. फार्सीतील ‘हंगामा’ या शब्दाचे, म्हणजे जमाव आणि गलबला या अर्थाचे, हे देशी रूप होय. ‘तमासगीर’ हा शब्द आज तमाशातील कलावंतास लावला जात असला, तरी जुन्या मराठीत तो पाहणाऱ्यासही लावीत. खुद्द ‘तमाशा’ या शब्दाचा फार्सीतील अर्थ ‘पाहणे’ व ‘पाहण्याजोगी गोष्ट’ असा आहे. तेव्हा कुस्तीचा तमाशा झाला ही तक्रार ज्या भाषेत केली जाते, त्या भाषेने कुस्ती आणि तमाशा यांना पूर्वीपासून एकाच शब्दाच्या छपराखाली बसविले आहे. हलगीचा कडकडाट, शड्डूचा आवाज, फेटे, गुलाल, विजयी मल्लास खांद्यावर घेऊन काढलेली मिरवणूक यांपैकी काहीच बाहेरून आलेले नाही. देखावा हा कुस्तीला लागलेला रोग असता, तर भाषेने त्याच्यासाठी एखादा निंदाव्यंजक शब्द घडविला असता. तसा शब्द आढळत नाही.

निंदेचा शब्द मात्र आहे, आणि तो निराळ्याच गोष्टीसाठी आहे. ‘नुरा कुस्ती’ म्हणजे दोन्ही मल्लांनी आधी संगनमत करून केलेली कुस्ती. हा शब्द हिंदी व उर्दूतही रूढ आहे, आणि राजकारणातील लटक्या भांडणासही तो सर्रास लावला जातो. त्याच्या विरोधी शब्द कोणता, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘नुरा’च्या उलट ‘गंभीर’ असे कोणी म्हणत नाही. ‘साधी’ असेही म्हणत नाही. शौकिनांच्या तोंडी जो शब्द येतो तो ‘निकाली’. ‘निकाली कुस्ती’ म्हणजे जिचा शेवट एकजण चीत होऊन झाला, अशी कुस्ती. जी ‘बरोबरीत सोडविली’ ती निकाली नव्हे. कित्येक ठिकाणी तिचे इनामही विभागून देतात. म्हणजे मराठी कुस्तीप्रेमी ज्या दोन टोकांमध्ये विचार करतो ती टोके देखावा आणि खेळ ही नव्हेत. ती आहेत निकाल आणि निकालाची फसवणूक.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे इंग्लंडमधील व्यावसायिक कुस्तीशी तुलना केली असता ध्यानात येते. तेथे १९४७ मध्ये लॉर्ड माउंटइव्हान्स यांच्या नावाने ओळखली जाणारी नियमावली तयार झाली. फेऱ्या, वजनगट आणि चीत मोजण्याची रीत या सर्व गोष्टी तीत बांधून दिल्या होत्या. १९५५ पासून ही कुस्ती आयटीव्ही या वाहिनीवर दिसू लागली, आणि पुढे शनिवारी दुपारी ती पाहणे हा असंख्य कुटुंबांचा परिपाठ झाला. नियम असे काटेकोर होते. निकाल मात्र ठरविलेला असे. जॅकी पॅलो या नामांकित मल्लाने १९८५ मध्ये आपल्या आत्मकथनात हे गुपित उघड केले. तरीही त्या कुस्तीच्या चाहत्यांत देखावा की खरा खेळ हा वाद आजतागायत चालू आहे. बिग डॅडी या नावाने प्रसिद्ध असलेल्या शर्ली क्रॅबट्री यांच्या आणि जायंट हेस्टॅक्स यांच्या अवाढव्य देहांच्या टकरींनी कुस्तीचा ऱ्हास केला, असे एक पक्ष म्हणतो. चपळ व कसबी मल्लांच्या पकडी आणि सुटका यांतच खरी कुस्ती होती, असे त्याचे प्रतिपादन असते. दुसरा पक्ष म्हणतो की, त्या देहांनीच सभागृहे भरली. १९८८ च्या अखेरीस आयटीव्हीने हा कार्यक्रम बंद केला. वाद बंद झाला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निकाल खरा होता असा दावा या दोघांपैकी एकही पक्ष करीत नाही. ‘खरा खेळ’ या शब्दांनी तेथील चाहता जे सुचवितो ते कसब होय, निकाल नव्हे. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या निबंधसंग्रहात पॅरिसमधील अशाच कुस्तीचे विवेचन केले आहे. ती खेळ नसून देखावा आहे आणि प्रेक्षकास ती बनावट आहे की नाही याची फिकीर नसते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या कुस्तीपुरता तो मान्य करण्यास हरकत नाही. परंतु हाच निष्कर्ष उचलून मराठी फडास लावणे चुकीचे ठरेल. फडातला प्रेक्षक देखाव्याने रंगतो हे खरे. पण कुस्ती नुरा आहे असा नुसता संशय आला की तोच प्रेक्षक आरडाओरडा करून ती थांबवावयास लावतो.

देखावा नाही आणि लबाडीही नाही, तरीही कुस्ती फसते, याचे उदाहरण इतिहासात आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची कुस्ती झाली. झ्बिश्को बहुतेक काळ पोटावर पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या लढतीस तो हजर राहिला नाही, म्हणून गामास विजयी ठरविण्यात आले. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळा येथे दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्यास एका मिनिटाच्या आत चीत केले. लंडनची कुस्ती पूर्णपणे गंभीर होती. तिच्यात निकाल नव्हता. पतियाळाची कुस्ती संस्थानी थाटामाटात झाली. तिच्यात निकाल होता. लोकांच्या स्मरणात जिचा अभिमान राहिला ती दुसरी.

याच्या उलट बाजूचा पुरावाही भाषेनेच जपून ठेवला आहे. १९५० व १९६० च्या दशकांत दारासिंग, किंगकाँग आदी मल्लांच्या व्यावसायिक कुस्त्या मुंबईत तुफान गर्दी खेचीत. १९६८ मध्ये दारासिंग व अमेरिकेचे लू थेझ यांची लढतही मुंबईतच झाली. या प्रकारास लोक ‘फ्रीस्टाइल’ म्हणत. वास्तविक ‘फ्रीस्टाइल’ हे ऑलिंपिकमधील एका शिस्तबद्ध प्रकाराचे नाव आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले ते त्याच प्रकारात. पण मराठी वृत्तपत्रांत ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे रस्त्यावरची बेबंद हाणामारी, असाच अर्थ रूढ झाला. खाशाबांच्या खेळाचे नाव अशा रीतीने खाली घसरले, तर ‘कुस्ती’ हा शब्द मात्र त्या लोंढ्यातही शाबूत राहिला. मराठी भाषिकाने या दोन शब्दांत जी सीमारेषा आखली, ती निकालावरील विश्वासाची आहे असे दिसते.

आता वाडिया पार्ककडे वळावे. ‘चितपट’ या शब्दाचा अर्थ विचारात घेण्यासारखा आहे. ‘चीत’ म्हणजे उताणा आणि ‘पट’ म्हणजे पालथा. हिंदीत या जोडीने नाण्याच्या दोन बाजू दाखवितात. मराठीत हा जोडशब्द केवळ उताण्या पडण्याचाच वाचक झाला. ‘अस्मान दाखविणे’ हा वाक्प्रचारही तेच सांगतो. पडणाऱ्यास आकाश दिसते, आणि तो पडला हे भोवतालच्या सर्वांस दिसते. निकालाची ही सार्वजनिक दृश्यता हाच जुन्या फडाचा पाया होता. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान पाहिले म्हणजे हे पटते. मधल्या हौद्याभोवती चढत गेलेल्या बैठका अशा आहेत की, शेवटच्या रांगेतील माणसासही पाठ टेकल्याचे दिसावे. पंच होतेच, परंतु पंचाने सांगावयाचे ते लोकांनी आधीच पाहिलेले असावे, अशी अपेक्षा होती.

गादीवरील कुस्तीत ही व्यवस्था बदलली आहे. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक डावास ठराविक गुण, दहा गुणांच्या आघाडीने विजय, आणि खांदे टेकल्यावर पूर्ण ताबा पंचास दिसेल इतका वेळ ते दाबून धरले पाहिजेत अशी अट, या सर्व गोष्टी न्याय्य आहेत. झ्बिश्कोचा पवित्रा आज कोणास घेता येणार नाही, हे त्यांचेच श्रेय आहे. मात्र त्यांमुळे निकाल ‘दिसण्या’ऐवजी ‘दिला’ जाऊ लागला. जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथील स्पर्धेत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर टाकलेल्या बाहेरच्या टांगेस चार गुण मिळाले, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. डाव सर्वांनी पाहिला होता; त्याचे मोल किती, हे मात्र प्रेक्षकाच्या डोळ्यास ठरविता येण्यासारखे नव्हते. वाडिया पार्कवर तर वाद थेट खांदे टेकण्याविषयीच झाला. जे सर्वांना दिसावे अशी परंपरेची ग्वाही, त्याच गोष्टीविषयी मल्ल आणि पंच यांचे दोन साक्षीपुरावे उभे राहिले. प्रेक्षकांच्या क्षोभाचे मूळ मोटारगाडीत किंवा दिव्यांत नव्हते. ते येथे होते.

यावर एक आक्षेप संभवतो. जुन्या फडांत भांडणे होत नसत काय? संगनमत होत नसे काय? दोन्ही होत असे. यात्रांचा हंगाम थोड्या महिन्यांचा. एक गुडघा निखळला की वर्षाची कमाई बुडते. अशा स्थितीत दोन मल्लांनी एकमेकांस सांभाळून घेतले तर त्याचे आश्चर्य वाटू नये. ‘नुरा’ या शब्दाचे अस्तित्व हेच सिद्ध करते की, ही गोष्ट परिचित होती. पण तेच शब्द हेही सिद्ध करतात की, ती उघड करण्याचा अधिकार प्रेक्षक आपला मानीत असे. आज पंचाच्या निर्णयावर प्रेक्षकास आणि मल्लास विश्वास ठेवावयास सांगितले जाते. तो विश्वास ज्यावर बसावा असे काही त्यांच्या हाती दिले जात नाही. पंचावर पाय उगारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. मात्र शिक्षेने शिस्त येते, खात्री येत नाही.

म्हणून देखावा कमी करा की वाढवा, हा प्रश्न गौण आहे. मोठ्या पडद्यावर मोटारगाडी दाखविता येते, त्याच पडद्यावर टेकलेले खांदे तत्काळ सर्वांस दाखविता येतात. ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे वाचता येतात, त्याच ध्वनिक्षेपकावरून निर्णयाचे कारणही सांगता येते. हा देखावाच होय, परंतु तो निकालाच्या सेवेस लागलेला देखावा. कुस्तीप्रेमींच्या भाषेने देखाव्यास कधी नाकारले नाही, आणि अपारदर्शक निकालास कधी क्षमा केली नाही. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी आपलेच शब्द नीट ऐकले, तर त्यांचे भांडण परस्परांशी नाही, हे त्यांच्या लक्षात येईल.