अध्यापक आणि विज्ञानकथा

अध्यापन सांभाळून विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकांकडे आपली समीक्षा बहुधा दोन दृष्टींनी पाहत आली आहे. एकीच्या मते ही कथा म्हणजे विज्ञानप्रसाराचे साधन. दुसरीच्या मते ती विद्वानाची फावल्या वेळातील करमणूक. दोहोंतही कथेच्या घाटाचा विचार बाजूला राहतो. शिकवण्याची सवय आणि विज्ञानकथेचा लघु आकार यांत काही आंतरिक नाते आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांचे कथालेखन आता पूर्ण झालेले असल्यामुळे तो प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे, असे वाटते.

नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. अहमदाबाद येथील एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना आपण कथा लिहू लागलो, असे त्यांनी सांगितले आहे. ती कथा म्हणजे ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला ती त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून उतरवूनही घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. अशीच गोष्ट बंगालीतही घडली होती. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी १८९६ साली ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकांनी ठेवलेल्या स्पर्धेसाठी एक कथा लिहिली. तीत समुद्रावरील वादळ तेलाच्या बाटलीने शमते. त्याही कथेला पारितोषिक मिळाले. दोघेही अध्यापक, दोघेही स्पर्धेच्या निमित्ताने कथेकडे वळलेले, आणि दोघांनीही आरंभ केला तो लघुकथेपासून.

यावर सामान्य उत्तर असे की, अध्यापकाला वेळ थोडा, म्हणून त्याची कथाही थोडकी. म्हैसुरात बसून हे उत्तर मान्य करणे कठीण आहे. कुवेंपू महाराजा कॉलेजात शिकवीत असतानाच ‘कानूरु हेग्गडिति’ ही विस्तीर्ण कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. साहित्य अकादमीचा १९५५ चा पुरस्कार लाभलेले ‘श्रीरामायणदर्शनम्’ हे महाकाव्यही त्यांच्या अध्यापनाच्याच काळातील. एस. एल. भैरप्पा १९९१ साली निवृत्त होईपर्यंत अध्यापक होते. पण ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ यांना निवृत्तीची वाट पाहावी लागली नाही. तेव्हा वेळेचा तुटवडा हे काही या आकाराचे कारण नव्हे. ते विज्ञानकथेच्या स्वभावात शोधावे लागते.

वर्गातील तासाची रचना पाहावी. अध्यापक फळ्यावर एक गृहीतक मांडतो. ‘असे समजू या’ एवढे म्हणून विद्यार्थ्यांची संमती घेतो. मग त्या एका गृहीतकातून काय काय निष्पन्न होते ते क्रमाने दाखवितो. घंटा होईपर्यंत निष्कर्ष हाती यावा लागतो. विज्ञानकथेची रचना याहून फार वेगळी नाही. तिलाही एकच अपूर्व गोष्ट मागून घेण्याची मुभा असते, आणि त्यानंतर सारे तर्काने चालावे लागते. कोणत्या पायरीवर ऐकणारा अडखळेल, किती सांगितले म्हणजे पुरे, हे अध्यापकाला अनुभवाने कळलेले असते. म्हणून विज्ञानकथेचा लघु आकार त्याच्या हाताला सहज बसतो. उलट भैरप्पांची ‘यान’ (२०१४) पाहावी. सूर्यमालेबाहेर निघालेल्या यानातील स्त्री आणि पुरुष हा तिचा विषय. पण तेथे गृहीतक सिद्ध करावयाचे नसून जगावयाचे आहे, आणि जगणे एका तासात आटोपत नाही. तिला कादंबरीचाच अवकाश हवा.

मात्र जो गुण तोच दोष होऊ शकतो. तास उत्तराने संपतो. कथा उत्तराने संपली की विझते. मराठी विज्ञानकथेत एक पात्र पुनःपुन्हा भेटते: ज्याचे काम केवळ प्रश्न विचारण्याचे असते, म्हणजे दुसऱ्याला समजावून सांगता यावे. ते माणूस नसून विद्यार्थ्याची रिकामी जागा असते. भाषांतर करताना हा दोष हाताला लागतो. संवाद चालू असताना वाक्ये एकाएकी कर्मणी होतात, क्रियापदांतील माणूस निघून जातो आणि पाठ्यपुस्तकाची भाषा सुरू होते. नारळीकरांच्याही काही कथा या दोषातून सुटलेल्या नाहीत.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ त्यातून सुटते, आणि कशी सुटते हे पाहण्यासारखे आहे. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक; सभांचे अध्यक्षपद भूषविण्यात मुरलेले. अपघातानंतर ते अशा जगात जातात जेथे १७६१ साली मराठे पानिपतावर विजयी झाले आहेत. ग्रंथालयात इतिहासाची पुस्तके उलगडीत ते वळणाचा क्षण शोधतात: विश्वासरावांच्या जवळून गेलेली, पण त्यांना न लागलेली गोळी. येथपर्यंत प्राध्यापक प्राध्यापकच आहे. नंतर आझाद मैदानावरील सभेत ते रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर जाऊन बसतात, आणि अध्यक्षीय भाषणांना विटलेले श्रोते त्यांना मंचावरून पिटाळून लावतात. स्वतःच्या जगात परतल्यावर त्यांचा मित्र भौतिकशास्त्राच्या आधारे घडल्या गोष्टीचा उलगडा करतो. हा उलगडा म्हणजे तासच होय. पण या वेळी प्राध्यापक बाकावर आहे. त्यांच्या खिशात बखरीचे फाटलेले पान आहे, त्याचे भय त्यांना वाटते आहे. म्हणून त्यांचे प्रश्न रिकामे नाहीत. आणि कथा संपते ती सिद्धांतावर नव्हे, तर गंगाधरपंत यापुढे कोणत्याही सभेचे अध्यक्षपद न स्वीकारण्याचे ठरवितात त्यावर. मराठी मनाचा एक जुना सल आणि एका अध्यापकाचा अहंकार, दोन्ही एकाच गृहीतकाने तपासले गेले.

या कथेचे संक्षिप्त इंग्रजी रूप पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. अध्यापकाला खुर्चीवरून उठविणारी कथा अशा रीतीने पुन्हा वर्गात आली. पाठाखालील प्रश्नांना तिचे उत्तर सापडेलच असे नाही; तथापि जो शिक्षक ती शिकवील त्याला ती काही विचारल्यावाचून राहणार नाही.

तात्पर्य, अध्यापकाच्या विज्ञानकथेची कसोटी तीत विज्ञान किती अचूक आहे एवढीच नव्हे. तीत शिकविणाऱ्याला काही शिकावे लागते की नाही, ही खरी कसोटी होय. पहिल्या प्रकारची कथा ज्ञान पोहोचविते आणि कालांतराने जुनी होते, कारण ज्ञान पुढे जाते. दुसऱ्या प्रकारच्या कथेतील विज्ञान जुने झाले तरी तिच्यातील माणूस जुना होत नाही. आपल्या समीक्षेने ही निवड अद्याप केलेली नाही. प्रसाराचे श्रेय देऊन कथेला वाङ्मयाबाहेर ठेवण्यापेक्षा, वाङ्मय म्हणून तिच्यातील उणेअधिक स्पष्टपणे सांगणे हाच नारळीकरांच्या कथालेखनाचा अधिक खरा आदर ठरेल.