स्टेशनावरचा वाघ

समीक्षकाने कवितेवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर एखाद्या चित्रावर लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. रेल्वेच्या स्टेशनावर कोणी समीक्षा लिहीत नाही. पण हजारो माणसे जी वस्तू रोज पाहतात, जिच्यात बसतात, वाट पाहतात आणि कंटाळतात, तिच्या रूपाचा विचार करू नये असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? म्हणून मी बल्लारशाविषयी लिहितो आहे.

२०१८ साली रेल्वे मंत्रालयाने घेतलेल्या स्टेशन-सुशोभनाच्या स्पर्धेत बल्लारशा आणि चंद्रपूर या दोन स्टेशनांना पहिले पारितोषिक मिळाले. मधुबनीसारखे पिढ्यान्‌पिढ्यांच्या चित्रकलेचे नाव सांगणारे स्टेशन त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर राहिले. बल्लारशाच्या भिंतींवर ताडोबाचे जंगल उतरले आहे. मी प्रथम ते पाहिले तेव्हा खरोखर आनंदित झालो. गाडीला उशीर होता. एक लहान पोर आईचा हात सोडून भिंतीजवळ गेले आणि त्याने वाघाच्या नाकावर तळहात ठेवला. चित्राला याहून मोठी पावती कोणती मिळणार? या चित्रांत उसनेपणा नाही. ज्या मुलखात स्टेशन आहे तो मुलूख स्टेशनात आला आहे. एरवी आपली स्टेशने इतकी एकसारखी असतात की पाटी वाचल्याशिवाय गाव कळत नाही. येथे पाटी नसती तरी कळले असते.

ही स्तुती मी मनापासून करतो. पण तेवढ्यावर थांबलो तर ती समीक्षा होणार नाही, आभारप्रदर्शन होईल.

कवितेला एक कवी असतो. स्टेशनाचा कर्ता कोण? बल्लारशाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड आहे. मध्य रेल्वेची हद्द येथे संपते आणि दक्षिणेकडे दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते. गोंदियाहून चांदाफोर्टमार्गे येणारी वाट तिसऱ्याच, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. नियम आणि नकाशे यांची प्रमाणे लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेत ठरतात. ही संस्था १९५७ साली स्थापन झाली. भोवतालचे जंगल वनखात्याचे. इतक्या हातांनी घडलेली वस्तू एकसंध कलाकृती होऊ शकते काय?

होऊ शकते, असे माझे मत आहे. पण एका अटीवर. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या घटनेत लयीचे तीन नियम मानले : संवाद, विरोध आणि समतोल. ते शब्द त्यांनी कलाकृतीतील घटकांविषयी वापरले. मी ते, थोडे धाडस करून, कलाकृती घडवणाऱ्यांविषयी वापरतो. दोन संस्था एकत्र येतात तेव्हा संवाद सहज जुळतो. समारंभ असला की तो जुळतोच. विरोध मात्र कोणालाच नको असतो. आणि जेथे विरोध मांडला गेला नाही, तेथे समतोल येणार कोठून?

रेल्वेच्या डब्यांचेच उदाहरण पाहा. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून स्विस सहकार्याने जे डबे बनू लागले, त्यांची जोडणी आकड्या-साखळीची आणि कडेच्या धक्कादांड्यांची होती. पुढे १९९५च्या कराराने जर्मन घडणीचे डबे आले आणि ते कपूरथळ्यास बनू लागले. त्यांची जोडणी निराळी, मध्यभागी पकडणारी. दोन्ही डबे आपापल्या जागी निर्दोष. पण एकमेकांना ते सरळ जोडता येत नाहीत. नव्या डब्यांत गाडी सुटताना आणि थांबताना बसणारा हिसका प्रवाशांनी सोसला, तक्रारी केल्या, आणि त्या जोडणीत पुढे सुधारणा कराव्या लागल्या. अभिकल्पाचा खरा कस भागांत लागत नाही. तो जोडावर लागतो. हिसका हा तेथला विरोध. तो मान्य केला म्हणून सुधारणा झाली.

आता भिंतीकडे परत येऊ. भिंत आधी बांधली गेली, चित्र मागाहून आले. जंगलाने रेल्वेला विषय दिला, रेल्वेने जंगलाला पृष्ठभाग दिला. कोणी कोणाला बदलले नाही. या दोघांचा जुना व्यवहारही असाच एकतर्फी होता. रुळांखाली घालायला सागवान, साल, देवदाराचे स्लीपर हवे होते. १८६४ साली सरकारी वनखाते उभे राहिले त्यामागे ही भूक मोठी होती. तेव्हा जंगलाने रेल्वेला लाकूड दिले. आता काँक्रीटचे स्लीपर आले, आणि जंगलाने चित्र दिले.

ज्या २०१८ साली भिंतीवरच्या वाघाला पारितोषिक मिळाले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ, चिचपल्लीच्या जंगलात, गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. मी येथे चालकाला दोष देत नाही. धावती गाडी हाकेसरशी थांबत नाही. हा मार्ग एके काळी अरुंद होता. तो रुंद झाला, गाड्या वेगाने धावू लागल्या. जनावरे कोठून ओलांडतात, तेथे वेग किती असावा, खालून वाट कोठे काढावी, हे प्रश्न एकट्या अभियंत्याला सुटणारे नाहीत आणि एकट्या वनाधिकाऱ्यालाही नाहीत. भिंतीसाठी दोघे एकत्र आले होते. रुळासाठी तसे यायला हवे होते.

आणि २७ नोव्हेंबर २०२२ रोजी याच बल्लारशाच्या पादचारी पुलाचा स्लॅब कोसळला. एका स्त्रीचा जीव गेला, अनेक जखमी झाले. त्यानंतर मी पुन्हा ती चित्रे पाहिली. चित्रे तीच होती. मला मात्र ती पूर्वीसारखी पाहता आली नाहीत.

कोणी म्हणेल, तुम्ही सौंदर्याच्या प्रांतात नीती घुसवता. पूल पडला यात चित्रकाराचा काय अपराध? अपराध काहीच नाही. पण पारितोषिक चित्राला नव्हते, स्टेशनाला होते. आणि स्टेशनाच्या रूपात पुलाचा स्लॅबही येतो. वापरायच्या वस्तूत निगा हा रूपाचाच भाग असतो.

हे सारे झाले-गेले असते तर मी लिहिले नसते. पण वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग रेल्वे आणि राज्य शासन यांनी निम्म्या-निम्म्या खर्चाने अंगावर घेतला आहे. गडचिरोली जिल्ह्यात कित्येक वर्षे वडसा हे एकच स्टेशन. आजाऱ्याला नागपूर गाठायचे असो की पोराला शिकायला जायचे असो, रेल्वे हवीच. तिला जंगलाच्या नावाने नाही म्हणणे सोपे आहे, पण ते रेल्वेच्या गावी राहणाऱ्याने म्हणू नये. प्रश्न एवढाच की नकाशाच्या टेबलाभोवती कोण कोण बसले आहे, आणि ते आखणीच्या आधी बसले की नंतर.

याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. म्हणजे ज्याचा विरोध आहे त्याला हात वर करून हरवत नाहीत. त्याचे ऐकून घेतात आणि निर्णयच बदलतात. वेळ लागतो. पण संवाद, विरोध, समतोल हा क्रम तेथे पाळला जातो, आणि त्यासाठी कोणाला सौंदर्यशास्त्र वाचावे लागलेले नाही. अनेक खात्यांनी मिळून एक वस्तू कशी घडवावी, याचा धडा लखनौहून किंवा जर्मनीहूनच आणला पाहिजे असे नाही.

गडचिरोलीचे स्टेशन होईल तेव्हा त्याच्या भिंतीवरही वाघ काढला जाईल, यात मला शंका नाही. तो अवश्य काढावा. पण त्याआधी नाल्यावरच्या पुलाखालून खऱ्या वाघाला जायला वाट ठेवलेली असावी. मग भिंतीवरचे चित्र पाहायला मी पुन्हा जाईन, आणि या वेळी हातचे काही राखून स्तुती करणार नाही.